मागील आजार : काही नाही

परभणीला माझ्या मामांच्या घरी देवघराशेजारच्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली आहे. तिच्यात दोन फायली. एक जुनी, कडा मऊ पडलेली, डाव्या किडनीच्या ऑपरेशनची. दुसरी नवी, प्लास्टिकच्या कव्हरातली, गळ्याच्या गाठीची. दोन्हींमध्ये अकरा वर्षांचे अंतर आहे. नव्या फायलीतल्या पहिल्या कागदावर रुग्णाची माहिती भरलेली आहे. वय, गाव, व्यवसाय शेती, तंबाखू आहे, साखर नाही, रक्तदाब नाही. त्याखाली डॉक्टरी इंग्रजीत एक ओळ, जिचे मराठी एवढेच होते : 'मागील आजार : काही नाही.'

ही ओळ खोटी आहे. पण ती कोणी खोटेपणाने लिहिलेली नाही. विचारणाऱ्याने रीतसर विचारले होते, सांगणाऱ्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे सांगितले होते. धडधडीत खोट्या वाक्यामागे कोणीच खोटे बोललेले नसेल, तर ते वाक्य आले कुठून? या प्रश्नाचे उत्तर मला वैद्यकात थोडे सापडले आणि साहित्यात पुष्कळ. आजाराची गोष्ट आपण कशी सांगतो, कुठून सुरू करतो आणि विशेषतः कुठे संपवतो, याच्याशी त्या ओळीचा जवळचा संबंध आहे.

मी मामीला विचारले होते, "मामी, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा किडनीचं सांगितलं नाही का?"

"ते काय सांगायचं बाबा? ते तर कवाच बरं झालं होतं."

मग मामा उठून अंगणात गेल्यावर तिने आवाज खाली आणला. "आन् हे शेजारीच बसले होते की."

मामांना त्या वेळी मुतखडा सांगितला होता. खड्याने किडनी खराब झाली म्हणून काढावी लागली, अशी त्यांची समजूत. खरा शब्द फक्त मामीला आणि थोरल्या मुलाला ठाऊक होता आणि त्या दोघांनी तो अकरा वर्षे कोणाजवळ काढला नाही. म्हणजे 'काही नाही' या दोन शब्दांत दोन गोष्टी एकावर एक बसलेल्या आहेत. एक बरे झाल्याची, दुसरी लपवल्याची. दुसरीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पहिली इतकी शुभ दिसते की तिच्याकडे संशयाने पाहावे असे कोणाला वाटत नाही. मला तिच्याकडेच पाहायचे आहे.

आधी रोगाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या रोगाचा स्वभावच गोष्टीच्या मुळावर येणारा आहे. किडनीचा कर्करोग कमी बोलतो. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ ही पुस्तकातली तीन लक्षणे एकत्र दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. आजकाल पुष्कळ गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत योगायोगाने सापडतात. गाठ किडनीपुरतीच असेल आणि किडनी काढली, तर पुष्कळ माणसे पुढे नीट जगतात. पण या रोगाची एक खोड जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. तो उशिरा परततो. पाच वर्षे उलटली की आपण सुटकेचा श्वास टाकतो, हा मात्र दहा, पंधरा, क्वचित वीस वर्षांनंतरही येतो. फुप्फुस आणि हाडे ही त्याची नेहमीची ठिकाणे. कधीकधी तो कोणाच्या मनातही नसलेल्या जागी उगवतो. स्वादुपिंडात, किंवा गळ्यातल्या थायरॉइडमध्ये.

शाळेच्या पुस्तकांत या दोन अवयवांना वृक्क आणि अवटू ग्रंथी म्हणतात. परीक्षा संपली की हे शब्द कोणी वापरत नाही. किडनी आणि थायरॉइड हेच आता मराठी शब्द आहेत, म्हणून मीही तेच वापरतो.

थायरॉइडमध्ये बाहेरून आलेला कर्करोग ही मुळात दुर्मीळ बाब. तिथल्या बहुतेक गाठी साध्या असतात आणि ज्या कर्करोगाच्या असतात त्याही बहुतेक थायरॉइडच्या स्वतःच्याच. परंतु बाहेरून आलेल्या, आणि रुग्ण जिवंत असताना लक्षात आलेल्या गाठींची मोजदाद केली तर बहुतेक अभ्यासांत पहिला क्रमांक किडनीचा लागतो. शवविच्छेदनाच्या नोंदींत हे चित्र बदलते, तिथे स्तन आणि फुप्फुस पुढे असतात. म्हणजे इतर कर्करोग थायरॉइडपर्यंत पोचतात तेव्हा रुग्ण बहुधा अखेरच्या टप्प्यावर असतो आणि गळ्याकडे कोणाचे लक्ष नसते. किडनीच्या रुग्णाला मात्र हे सारे संपले असे वाटत असताना, शेतात जाता-येताना, दाढी करताना, गळ्याला काहीतरी लागते.

ही गाठ ओळखायची कशी? मामांच्या गळ्यात सुई घालून पाणी काढले, तर बरेचसे रक्तच आले आणि अहवाल मोघम आला. हे नेहमीचे आहे, कारण या गाठी रक्ताने भरलेल्या असतात. मग थायरॉइडचा एक भाग काढून तपासणीला गेला. काचेवर दिसल्या त्या पाण्यासारख्या स्वच्छ पेशी. त्या पेशींमधली साखर आणि चरबी काच तयार करताना वापरलेल्या द्रावणांत विरघळून जाते आणि उरते ती रिकामी चौकट. थायरॉइडच्या स्वतःच्या काही गाठीही अशाच स्वच्छ दिसू शकतात. मग निरनिराळे रंग देऊन पेशींचे कूळ विचारायचे. त्यातली गंमत अशी, की पॅक्स-८ नावाचे एक प्रथिन किडनीच्या पेशींतही असते आणि थायरॉइडच्याही. एकाच आडनावाची दोन गावची माणसे असावीत तसे. थायरोग्लोब्युलिन मात्र थायरॉइडच्याच पेशी बनवतात. ते सापडले नाही, की हा पाहुणा असावा हा संशय बळावतो. आणि पाहुणा कुठला, हे विचारायला काच वाचणाऱ्या डॉक्टरबाईंनी सर्जनला फोन केला : रुग्णाची किडनी काढलेली आहे का?

पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना मी तेव्हापासून फार मानतो. संहितेत जे नाही त्यावरून संहितेचा कर्ता ओळखणे, हे आमच्या धंद्यात भल्याभल्यांना जमत नाही.

त्या फोनचे उत्तर 'नाही' असे गेले असते तर? ती गाठ थायरॉइडचीच समजली गेली असती, तर पुढे किरणोत्सारी आयोडीन देण्याचा विचार झाला असता. थायरॉइडच्या कर्करोगावर ते चांगले काम करते, कारण त्या पेशी आयोडीन ओढून घेतात. किडनीच्या पेशी ते घेत नाहीत. औषध शरीरातून फिरून निघून गेले असते आणि दरम्यानचे महिने वाया गेले असते. एका वाक्याची किंमत एवढी असू शकते.

आता या रोगावर डॉक्टर स्वतः जे लिहितात त्याकडे वळू. वैद्यकीय नियतकालिकांत 'केस रिपोर्ट' नावाचा एक छोटा लेखनप्रकार आहे. एक रुग्ण, एक विरळा प्रसंग, दोन-तीन पाने, चार छायाचित्रे. किडनीतून थायरॉइडमध्ये गेलेल्या कर्करोगावर असे लेखन जगभर झाले आहे. त्याची सुरुवात ठरलेली असते : अमुक वर्षांची स्त्री, अमुक वर्षांपूर्वी किडनी काढल्याचा इतिहास, आता गळ्यात गाठ. साहित्याचा वाचक म्हणून मला या पहिल्या वाक्याचे नवल वाटते. मामी ज्या ठिकाणी गोष्ट संपवते, तिथूनच केस रिपोर्ट सुरू होतो. 'कवाच बरं झालं होतं' या एका उद्गारात जी वर्षे विरून गेली, तीच इथे आकड्यात मांडून पहिल्या ओळीत ठेवलेली असतात. रुग्णाच्या दृष्टीने ती दोन आयुष्ये आहेत, लिहिणाऱ्याच्या दृष्टीने एकच वाक्य.

त्या शिस्तीबद्दल मला आदर आहे, पण हा प्रकार निर्दोष नाही. कर्मणी प्रयोगात सगळे घडते. गाठ काढण्यात येते, रुग्णाला कळवण्यात येते, संमती घेण्यात येते. कोणी कळवले, कोणत्या भाषेत, बाजूला कोण बसले होते, यातले काही नाही. रुग्णाला गाव नसते. आणि शेवटी क्वचित एक वाक्य येते, ज्याचा अर्थ 'रुग्ण पुढे तपासणीस आला नाही' असा. परभणी जिल्ह्यातला माणूस हे वाक्य वाचतो तेव्हा त्याला त्यात पूर्ण कादंबरी दिसते. मुंबईच्या परळला टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे. तिथे जायचे म्हणजे परभणीहून देवगिरी किंवा नंदीग्राम धरायची, रात्र गाडीत काढायची, सोबत दोन माणसे, त्यांचा मुक्काम, आणि हे सगळे दर सहा महिन्यांनी. बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे, औरंगाबादला २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय झाले, त्यामुळे वाट थोडी जवळ आली. तरी पेरणी, खुरपणी, कापूस वेचणी यांच्या मधोमध 'काही होत नसताना' तपासायला जायचे, याला घरात कोण राजी होणार? बरे वाटणाऱ्या माणसाचा तिकिटाचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा? मामा पहिली दोन वर्षे गेले. नंतर एका वर्षी पाऊस लांबला आणि जाणे राहिले. पुढे ते राहूनच गेले. कोणी ठरवून बंद केले नाही. शिवाय जो मुतखडा निघून गेला, त्यासाठी मुंबई कशाला, हा त्यांचा प्रश्न त्यांच्यापुरता बरोबरच होता.

मग आपल्या साहित्याने या माणसांना गोष्टीचा कोणता साचा पुरवला?

सगळ्यांत जास्त वापरात असलेला साचा वर्तमानपत्राचा : 'कर्करोगावर मात'. दिवाळी अंकांच्या लेखांतही तो असतो, सत्कार समारंभातही. आजार येतो, माणूस खचतो, कुटुंब उभे राहते, उपचार होतात, माणूस जिंकतो, शेवटी एक हसरा फोटो. आणि जो जिंकत नाही त्याच्या निधनाच्या बातमीत 'कर्करोगाशी झुंज अपयशी ठरली' असे छापतात, जणू परीक्षेत नापास झाला. या साच्याने कित्येकांना धीर दिला हे मी नाकारत नाही. पण या साच्यात तिसरी शक्यता नाही. मात झाली की गोष्ट संपते, आणि संपलेली गोष्ट डॉक्टरला कोण सांगत बसेल?

कॅनडातले समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी, जे स्वतः कर्करोगातून गेले होते, १९९५ च्या 'द वूंडेड स्टोरीटेलर' या पुस्तकात आजाराच्या कथनांचे तीन प्रकार सांगितले. होतो तसा पुन्हा झालो, ही पहिली कथा. कशाचाच काही पत्ता लागत नाही, ही दुसरी. आजाराने मला कुठेतरी नेले, काही शिकवले, ही तिसरी. फ्रँक यांच्या मते आजच्या समाजाला पहिलीच कथा ऐकायला आवडते, रुग्णालयांना तर फारच. तीन प्रकारांची ही वाटणी मला फार उपयोगाची वाटत नाही. एकाच माणसाच्या एका दिवसात तिन्ही येऊन जातात. त्यांची दुसरी एक कल्पना मात्र मोलाची आहे. जे जवळजवळ ठीक आहेत पण ज्यांना बरे झाले असे कधीच म्हणता येणार नाही, अशा लोकांचा एक अदृश्य समाज आपल्यात वावरत असतो, असे ते म्हणतात. मामा अकरा वर्षे त्या समाजाचे सभासद होते. त्यांना ते कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

मराठीत आजारावर जे गंभीरपणे लिहिले-दाखवले गेले, त्यात 'श्वास' या चित्रपटाचे नाव आधी घ्यावे लागते. संदीप सावंत यांचा २००४ मध्ये आलेला हा चित्रपट माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला आहे. कोकणातले आजोबा नातवाला, परशाला, डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला आणतात आणि कळते की मुलाला डोळ्यांचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला हा चित्रपट आपला वाटला तो दवाखान्यातल्या त्या बाकांमुळे, त्या कागदांमुळे, शहरी डॉक्टरच्या घाईपुढे मान खाली घालून बसलेल्या म्हाताऱ्यामुळे. आणि त्याने एक अवघड प्रश्न मध्यभागी ठेवला : रुग्णाला सांगायचे की नाही? तिथे सांगावेच लागते. आजोबांची सगळी घालमेल त्या सांगण्यापाशी गोळा होते. मामांच्या बाबतीत जे कोणी केले नाही ते 'श्वास'मध्ये एका लहान मुलाच्या बाबतीत केले जाते, म्हणून तो माझ्या लेखी मोठा चित्रपट आहे. पण तोही ऑपरेशनपाशी थांबतो. काळा चष्मा घातलेला परशा गावी परततो आणि आपण डोळे पुसत बाहेर पडतो. गावात पुढच्या तपासण्यांचे काय, त्या मुलाच्या पंधराव्या वर्षाचे काय, हा चित्रपटाचा विषय नाही. कलाकृतीला शेवट हवा असतो ही तिची गरज झाली. मुश्कील एवढीच की आपण तो शेवट आजाराचाही मानतो.

पद्मजा फाटक यांनी किडनी निकामी होणे आणि प्रत्यारोपण यांवर पुस्तक लिहिले, 'हसरी किडनी अर्थात अठरा अक्षौहिणी'. त्यांचा आजार वेगळा, पण त्या शीर्षकापाशी मी नेहमी थबकतो. 'हसरी' म्हटल्यावर लगेच 'अठरा अक्षौहिणी' येते. ही संख्या एका पक्षाच्या सैन्याची नाही. कौरवांचे अकरा आणि पांडवांचे सात मिळून ती होते. म्हणजे शत्रूचे सैन्य आणि आपले सैन्य एकाच बेरजेत धरलेले. ज्याच्या शरीरात परका अवयव राहतो आणि त्याला शरीराने हाकलू नये म्हणून आपल्याच प्रतिकारशक्तीला आयुष्यभर औषधांनी दाबून ठेवावे लागते, त्याला ही बेरीज बरोबर कळते.

महाभारताचे नाव निघालेच आहे तर आणखी एक आठवण. अठरा दिवसांचे युद्ध शल्यपर्वात आटोपते. दुर्योधन पडतो, पांडव जिंकतात. ग्रंथ मात्र तिथे संपत नाही. पुढचेच पर्व सौप्तिक. जिंकलेले सैन्य शिबिरात गाढ झोपलेले आहे आणि पराभूत पक्षातल्या उरलेल्या तिघांपैकी एक, अश्वत्थामा, रात्री आत शिरतो. द्रौपदीचे पाचही मुलगे त्या रात्री मारले जातात. त्यानंतरही आठ पर्वे शिल्लक राहतात. युद्धाची उपमा कर्करोगाला लावायचीच असेल, तर ती आपण निम्म्यावरून का उचलली, असे मला विचारावेसे वाटते. विजयाच्या रात्री पहारा ठेवला नाही, हे आपल्या सर्वांत मोठ्या युद्धकथेत लिहून ठेवलेले आहे.

अर्थात युद्धाच्या उपमेलाच सूझन सोंटॅग यांचा विरोध होता. १९७८ च्या 'इलनेस ॲज मेटाफर'मध्ये त्यांनी रोगावर लादलेल्या सगळ्या प्रतिमा खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. क्षय हा काळाचा रोग मानला गेला आणि कर्करोग जागेचा, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. क्षयाच्या रोग्याचे दिवस मोजतात, कर्करोगाचे मात्र 'कुठे', 'किती पसरला' असे विचारतात. निरीक्षण मार्मिक असले, तरी किडनीच्या या रोगापुढे ते अपुरे पडते. इथे जागा आणि काळ सोडवता येत नाहीत. गळ्यात असणे आणि अकरा वर्षांनी असणे ही एकच बातमी आहे. ते पुस्तक लिहिले तेव्हा सोंटॅग नुकत्याच स्तनाच्या कर्करोगातून उठल्या होत्या आणि पुस्तकात त्यांनी स्वतःच्या आजाराचा उल्लेखही केला नाही. पुढे १९९८ मध्ये त्यांना दुसरा कर्करोग झाला आणि २००४ मध्ये रक्ताच्या तिसऱ्या आजाराने त्या गेल्या. ज्या विचारवंत बाईने आजाराला फक्त आजार म्हणा असे बजावले, तिच्याही पुस्तकातून 'मागील आजार' वगळलेला होता.

याच्या उलट ऑड्रे लॉर्ड. अमेरिकेतल्या या कृष्णवर्णीय कवयित्रीचा एक स्तन १९७८ मध्ये काढावा लागला आणि १९८० मध्ये 'द कॅन्सर जर्नल्स' आले. त्यात धीर आहे, संताप आहे, कृत्रिम स्तन लावून काही घडलेच नाही असे दाखवायला साफ नकार आहे. पुस्तक तिथे पुरे झाले होते. १९८४ मध्ये रोग यकृतात सापडला. लॉर्ड यांनी पुन्हा रोजनिशी धरली आणि १९८८ मध्ये 'अ बर्स्ट ऑफ लाइट' प्रसिद्ध केले. पहिल्या पुस्तकाला खोटे न पाडता त्याच्यापुढचे पुस्तक लिहिणे, हे मला फार अवघड काम वाटते. वाचकांनी ज्या शेवटावर टाळ्या वाजवल्या, तो शेवट नव्हता, हे त्याच वाचकांना पुन्हा जाऊन सांगायचे. त्या १९९२ मध्ये गेल्या.

आपल्याकडे या पुढच्या पुस्तकासाठी भाषा नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. भाषा आहे, ती पुस्तकांच्या कपाटात नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातल्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड एकत्र आले आहेत. शरीरातली गाठ आणि गळ्याची सूज एकाच अध्यायात. तिथे आधीच्या अर्बुदावर दुसरे झाले तर त्याला अध्यर्बुद म्हटले आहे, आणि दोन एकाच वेळी किंवा एकामागून एक झाली तर द्विरर्बुद. हे असाध्य, असे सांगून सुश्रुत पुढे जातो. किडनी आणि थायरॉइड यांचा हा संबंध त्याला ठाऊक होता असला अभिमानी दावा मला करायचा नाही, तसा तो नव्हता. पण 'एकामागून एक' या शक्यतेसाठी त्याने वेगळा शब्द राखून ठेवला होता. युरोपात 'मेटास्टॅसिस' हा शब्द कर्करोगाच्या संदर्भात फ्रान्सच्या रेकामिए यांनी १८२९ मध्ये वापरला. आपण घरात नुसते 'पसरला' म्हणतो. पसरणे म्हणजे सांडलेल्या तेलासारखे सलग पुढे सरकणे. किडनीतून गळ्यात जाताना मधले काहीच भिजत नाही. 'पसरला' हे क्रियापद ऐकल्यावर माणसाला वाटते की मधल्या वाटेवर कुठेतरी ते कळले असते.

इंग्लंडचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याहून नेमके लिहिले. स्तनाच्या कर्करोगाने मेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून ते म्हणाले की रोग कुठेही जात नाही, ठरावीक अवयवांतच वाढतो. झाडाचे बी सगळीकडे उडते, पण मानवेल त्याच मातीत रुजते. थायरॉइडच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाचे रूपर्ट विलिस यांनी याच अंगाने विचार केला. त्या ग्रंथीतून रक्त एवढ्या वेगाने वाहते आणि तिच्यात आयोडीन व प्राणवायू एवढा असतो, की बाहेरच्या पेशीला तिथे टेकायला मिळत नाही. पण ग्रंथी आधीच बिघडलेली असेल, तिच्यात जुनी गाठ किंवा सूज असेल, तर तिथे रुजायला जागा होते. मामांच्या गळ्यात साधी गाठ वर्षानुवर्षे होती असे मामी सांगते. हा विचार सर्वच रुग्णांना लागू पडत नाही, अगदी निरोगी थायरॉइडमध्येही हा रोग सापडलेला आहे.

बी आणि माती म्हटल्यावर परभणीच्या माणसाचे कान टवकारतातच. १९७२ पासून इथे कृषी विद्यापीठ आहे आणि त्याच्या कितीतरी आधीपासून काळी भारी जमीन. त्या जमिनीत कुंदा नावाचे तण होते. ज्याच्या शेतात कुंदा शिरला त्याचे सोयरेही हळहळतात. त्याचे बीच नव्हे, जमिनीखाली खोल गेलेली कांडी जिवंत राहते. नांगरटीत तुकडे झाले तर तुकडे फुटतात. माझे आजोबा उन्हाळ्यात हातभर खणून ती कांडी वेचायला माणसे लावत. शेत स्वच्छ दिसे, दोन-तीन पिके निघत, आणि मग पार दुसऱ्या बांधाला हिरवा कोंभ दिसे. शेत स्वच्छ असताना कोणी विचारले, "कुंदा गेला का हो?" तर आजोबा कधी "गेला" म्हणाले नाहीत. "सध्या दिसत नाही" म्हणत. त्यांच्या बोलण्यात भीती नव्हती, निराशाही नव्हती. शेत ते पेरतच होते, फक्त बांधावरून चालताना नजर खाली असे. जमीन विकताना किंवा बटईने देताना 'या वावरात कुंदा होता' हे सांगण्याची रीत होती. न सांगणाऱ्याला गावात फसवा म्हणत.

मामा त्याच आजोबांचे चिरंजीव. त्यांना कुंद्याची भाषा मातीपासून येते. त्यांच्याशी शरीराविषयी त्या भाषेत कोणी बोललेच नाही. आम्ही शिकलेल्या भाच्या-पुतण्यांनी त्यांच्यासाठी 'मात' हा शब्द निवडला होता, किडनी काढल्यावर वर्ष उलटले तेव्हा पेढेही वाटले होते. त्या पेढ्यांत मीही होतो.

आता मामांची थायरॉइड पूर्ण काढलेली आहे. दुसरीकडे कुठे काही सापडले नाही. एवढ्याच एका जागी रोग असेल आणि तो काढता आला, तर अशी माणसे पुढे कित्येक वर्षे जगल्याच्या नोंदी आहेत. लागलीच तर आज गोळ्या आहेत, प्रतिकारशक्तीला जागी करणारी इंजेक्शनेही आहेत, जी पहिल्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही ऐकलीही नव्हती. रोज सकाळी उपाशीपोटी ते थायरॉइडची गोळी घेतात. या खेपेला थोरल्या मुलाने त्यांना शेजारी बसवून सगळे सांगितले. मुतखड्याचेही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "मग मधी तपासायला न्यायचं कोणी बंद केलं?" यावर घरात कोणाकडे उत्तर नव्हते. तेच पुढे म्हणाले, "मीच केलं असंल. पाऊस नव्हता त्या साली."

जुनी फाईल तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांखाली होती. ती आता नव्या फायलीबरोबर खुंटीच्या पिशवीत असते. नव्या फायलीच्या वर मामांनी स्वतः एक कागद टाचला आहे, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या ठसठशीत अक्षरात. त्यावर दोन ओळी आहेत : 'डावी किडनी काढली. कॅन्सर होता.' आणि 'गळ्याची गाठ काढली. तोच.' खाली त्यांनी बरीच जागा कोरी सोडली आहे.